बाराव्या दिवसाची कात्री

निवृत्त गणित शिक्षक दिघेसर मोबाइलवरच्या गटात रोज एक गणित टाकत. उत्तर चुकलं की माणूस गटाबाहेर, असा त्यांचा खाक्या. एकदा त्यांनी विचारलं, "बारा मीटर कापडातून रोज एक मीटर कापलं, तर एकेक मीटरचे बारा तुकडे किती दिवसांत होतील?"

शिवणकाम करणाऱ्या मालनताईंनी लिहिलं, अकरा.

"बारा. तुम्ही आपले कपडेच शिवा," असं सुनावून सरांनी त्यांना काढून टाकलं.

ताईंनी सरांना वेगळा निरोप धाडला, "सर, अकराव्या दिवशीच शेवटचे दोन तुकडे सुटे झाले. बाराव्या दिवशी कात्री कशावर चालवू?"

सरांनी बोटांवर मोजलं आणि त्यांचे कान तापले. ताईंना परत घेऊन त्यांनी सगळ्यांदेखत लिहिलं, "चूक माझी. नियमाप्रमाणे मलाच काढा."

"तुम्हाला नको, नियमाला काढा," ताई म्हणाल्या. "तुमच्याशी न जुळणारा प्रत्येक जण बाहेर गेला, तर तुमचं चुकलं हे सांगायला आत कोण उरेल?"

आजवर काढलेल्या एकोणीस जणांचे नंबर सर खाली मान घालून शोधू लागले.