तेलाखालची आज्ञा

तुमच्या-आमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक ख्रिस्ती गाव होतं. गावच्या देवळात एक दगडी पाटी होती. पहिल्या पाळकांनी तिच्यावर देवाची एक आज्ञा कोरून घेतली होती.

पाटी टिकावी म्हणून कुणीतरी तिला तेल लावलं. पुढच्या वर्षी आणखी कुणी लावलं. होता होता रीतच पडली. उपवासाच्या चाळीस दिवसांत घाण्यातून गळेल ते सगळं तेल पाटीवर ओतायचं, घरी थेंबही न्यायचा नाही. तेलावर धूळ बसली, धुळीवर तेल, आणि पाटीवर बोटभर काळा थर चढला.

घाणा चालवणारी तेलीण मोठी चौकस बाई. पाऊस वरूनच का पडतो, हेसुद्धा तिने लहानपणी आईला विचारलेलं. आई कधी कंटाळली नाही. आता ती आई थकली होती. गुडघे असे धरले होते की अंथरुणातून उठवेना, आणि घरातलं जुनं तेल संपलेलं.

"थोडं कोमट तेल चोळ गं," आई म्हणायची. दिवसभर तेलाच्या धारेशी बसणाऱ्या लेकीला घरी रिकाम्या हाताने जायची लाज वाटू लागली.

उपवासातल्या एका सकाळी ती देवळात गेली. पाळक आणि गावचे एक पंच तिथेच बसले होते.

"काका, आईसाठी वाटीभर तेल नेऊ का?" तिने पंचांना विचारलं.

"नाही बाई. ते देवाला वाहिलेलं आहे."

"देवाने मागितलंय?"

"पाटीवर लिहिलंच असेल की."

"म्हणजे नक्की काय लिहिलंय?"

पंचांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक आढ्याकडे पाहू लागले.

"मग वाचून बघू या," तेलीण म्हणाली. "तेल ओता असं असेल, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

खरं सांगायचं तर पाळकांनाही केव्हापासून तेच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी स्वतःच गरम पाणी आणि राख आणली. बघता बघता गाव जमलं. तेलीण नारळाच्या शेंडीने घासत राहिली. दुपारपर्यंत अक्षरं वर आली. पंचांनी ती मोठ्याने वाचली.

"आईबापाचा मान राखा."



"देवाला वाहिलंय म्हणत आईबापाला रिकाम्या हाताने ठेवता, याच गोष्टीवरून ख्रिस्ताने धर्मगुरूंना खडसावलं होतं," पाळक हळूच म्हणाले. "तो उतारा मी दर वर्षी वाचतो. या पाटीशेजारी उभा राहून."

पंचांनी तेलाची बुधली उचलली आणि तेलिणीच्या हातात दिली.

"आधी तुझ्या आईला लाव," ते म्हणाले. "उरलं तर माझ्या घरी घेऊन ये. माझ्या आईने मागायचं केव्हाच सोडून दिलंय."

उपवास सुटल्यावर सणाच्या दिवशी दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून देवळात आल्या. पाटी कोरडी होती, आणि गावातलं लहान पोरही ती वाचू शकत होतं.

तात्पर्य, रीत माणसाची आणि आज्ञा देवाची. रीत आज्ञेवर चढली की ती खरवडून काढावी.