राखेतले तीन दिवस

"भंते, आता तरी सांगा... मी कसोटीला उतरलो ना?"

सुमेधनं ताठ बसल्या बसल्याच विचारलं. त्याचे गुरू, वृद्ध भिक्खू रेवत, मागे उभे राहून ओल्या फडक्यानं त्याच्या तुळतुळीत डोक्यावरची राख पुसत होते.

विहाराच्या वरचा ज्वालामुखी तीन दिवस धुमसत होता. भरदुपारी दिवा लावावा लागे. भात दाताखाली कचकचे. पायथ्याचं गाव शेळ्या-कोंबड्यांसकट कधीच समुद्राकडे निघून गेलं होतं.

रोज सकाळी भंते म्हणत, "चल सुमेधा, खाली जाऊ."

रोज सुमेध गालातल्या गालात हसे आणि डोळे मिटून घेई. गुरूंनी मोह घालायचा, शिष्यानं ढळायचं नाही, एवढं का त्याला कळत नव्हतं? भलताच हुशार होता बिचारा!

"कसली कसोटी?" भंतेंनी विचारलं.

"रोज खाली जाऊ म्हणता, ती."

"अरे, खाली जायचं होतं म्हणून म्हणत होतो."

वर डोंगर गुरगुरला. छपरावरची राख घसरून दारात पडली. डोक्यावरचं फडकं मध्येच थांबलं, म्हणून सुमेधनं वळून पाहिलं. भंते भिंतीला पाठ लावून छपराकडे बघत होते.

"भंते... तुम्हाला भीती वाटते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग गेला का नाहीत?"

भंतेंनी फडकं पिळलं. काळं पाणी निथळलं.

"तू बसला होतास ना."

तीन दिवस सुमेधच्या भातावर झाकण होतं, उशाशी पाण्याचं भांडं भरलेलं होतं. ते कोण ठेवतं, हे त्यानं एकदाही डोळे उघडून पाहिलं नव्हतं.

तो उठला. त्यानं गुरूंची चटई गुंडाळून काखेत मारली, दोघांची भिक्षापात्रं घेतली, भंतेंच्या नाकातोंडावर ओलं फडकं बांधलं.

फाटकापाशी मात्र त्याचा पाय अडखळला. खोड अशी एका दिवसात थोडीच जाते!

"भंते, मी तुमच्याकडे निर्भय व्हायला आलो होतो. तो धडा कधी द्याल?"

भंतेंनी हात पुढे केला.

"आधी हा धर. उतारावर राख निसरडी आहे, आणि मी फार घाबरलोय."