दोन काठांचे दोन कायदे

नदी फार जुनी होती आणि तिच्या दोन काठांचे कायदे त्याहून जुने. अलीकडे जो विणेल त्याचं घरटं. पलीकडे ज्याला सापडेल त्याची वस्तू. निवाडा करायचा कासवआजोबांनी, कारण दोन्ही काठांवर ऊन खाणारे तेवढे तेच.

एकदा वावटळीत सुगरणीचं घरटं अलीकडच्या बाभळीवरून सुटलं आणि पलीकडे जाऊन पडलं. त्यात उंदरीण बाळंत झाली.

"मी विणलं अलीकडे. अलीकडचाच कायदा लावा!" सुगरण म्हणाली.

"मला सापडलं पलीकडे," उंदरीण म्हणाली. "पिल्लांचे अजून डोळे उघडले नाहीत हो, आजोबा."

कासवआजोबांचं डोकं गरगरलं. दोघींचंही खरंच वाटत होतं. त्यांनी मान आत घेतली, बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. काहीच सुचेना, तेव्हा आतूनच विचारलं, "सुगरणबाई, गवत कुठलं गं हे?"

"पलीकडचं. हिच्याच बिळाच्या तोंडाशी वाळत पडलं होतं. तिकडे काय, सापडेल ते आपलं!"

सुगरण बोलून गेली आणि तिची चोच मिटली ती मिटलीच.

कुठला कायदा लावावा या विचारात कासवआजोबा अजून आतच होते. त्यांनी मान बाहेर काढली तेव्हा सुगरण नवं गवत शोधायला निघून गेली होती. या वेळी अलीकडच्या काठावर.