परसातला वाल

एकदा एक वृद्ध गुरू तापाने अंथरुणाला खिळले आणि त्यांचा कौलाचा घट प्रथमच शिष्याच्या हाती आला.

त्या नगरीची एक रीत होती. नगरप्रमुखाची निवड जवळ आली की चार कौल घेणारे आपापल्या पेठेत घरोघर घट फिरवीत. जुनाच प्रमुख हवा असेल त्याने घटात चवळीचा दाणा टाकायचा, बदल हवा असेल त्याने वालाचा. निवडीच्या आदल्या दिवशी चारही घट भर चौकात पालथे होत आणि लोकांच्या मनातले लोकांनाच कळे. त्या वर्षी प्रमुखासमोर तान्हाई नावाडीण उभी होती. प्रमुखाने खालच्या आळीचा पाट आपल्या बागेकडे वळवला होता. तो पुन्हा आळीला मिळवून देईन, एवढेच तिचे म्हणणे होते. ती निवडून येईल असे मात्र कोणी मोठ्याने म्हणत नव्हते.

शिष्याने घरी येऊन घट उघडला आणि त्याला घाम फुटला. आत वालच वाल होता, चवळी नावाला. आपलेच काही चुकले असणार, असे त्याने ठरवून टाकले. बाकीचे तिघे मुरलेले लोक. त्यांचे घट चवळीने भरलेले असणार. चौकात आपण एकटेच हास्यास्पद ठरू आणि गुरूंचे नावही घालवू. त्याने दाणे परसात न्हाणीमागे ओतले, घट फोडला आणि ठेच लागली असे सांगितले.

गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी चौकात एकही घट आला नाही. एकाच्या दाण्यांना म्हणे कीड लागली होती, दुसऱ्याचे भिजले होते, तिसऱ्याची प्रकृती बरी नव्हती. घटांचे ग्रहमानच वाईट असावे! तान्हाई त्या रिकाम्या चौकात बराच वेळ उभी राहिली. "माझ्यामागं कुणीच नाही, मग आळीला प्रमुखाच्या रागात कशाला ढकलू?" असे म्हणून तिने नाव मागे घेतले. पाट बंदच राहिला.

थंडी पडली. गुरू हिंडूफिरू लागले. एके सकाळी ते शिष्याला म्हणाले, "टोपली घे. आज भाजी मागून आणू."

गुरूंनी कधी कुणाकडे काही मागितले नव्हते. त्यातून ते कोणाच्याही पुढच्या दाराने गेले नाहीत. पहिल्या कौल घेणाऱ्याच्या परसात न्हाणीच्या ओलीवर वालाचा वेल माजला होता. "आपोआप उगवला हो," घरधनी खाली बघत म्हणाला. दुसऱ्याकडे तसाच वेल, तिसऱ्याकडेही तसाच. टोपली शेंगांनी भरली. शेवटी गुरू स्वतःच्या परसात आले आणि तिथल्या वेलापाशी थांबले. शिष्याने मान खाली घातली.

"तुझे मोजणे बरोबर होते," गुरू म्हणाले. "पण तू घटात कमी आणि त्या तिघांच्या तोंडाकडे जास्त पाहिलेस. तेही तुझ्याकडेच पाहत होते. ज्याने ज्याने वाल टाकला त्याला वाटले, असा वेडा या नगरीत मी एकटाच. तो एकटा नाही, एवढे सांगण्यापुरतेच आपले काम होते, बाळ."

शिष्य टोपली घेऊन नदीवर गेला. खालच्या आळीच्या बायका अजून तिथूनच पाणी वाहत होत्या. त्याने तान्हाईसमोर टोपली ठेवली आणि चारही परसांची हकीकत काही न लपवता सांगितली.

तान्हाईने एक शेंग उचलली, सोलली, दाणे तळहातावर घेऊन पाहत राहिली.

"एवढे होते होय माझ्याबरोबर?" ती म्हणाली. "आणि मी एकटी समजून घरी गेले रे."

शिष्याने तिच्या शेजारचा भरलेला हंडा उचलला आणि तिच्यामागून आळीचा चढ चढू लागला. पुढच्या निवडीला चौकात पहिला घट त्याचा पालथा झाला. तेव्हा बाकीचे तिघे आले आहेत की नाहीत, हे त्याने वळूनही पाहिले नाही.