काशाच्या अकरा वाट्या

एका गावात एक कासार होता, आणि साऱ्या गावाची झोप त्याच्या हातात होती.

तो काशाच्या वाट्या घडवायचा. दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या तळपायाला तेलाचं बोट लावायचं आणि वर ही वाटी फिरवायची. अंगातली कडकी उतरते आणि डोळे आपोआप मिटतात, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. लेक सासरी निघाली की तिच्या भांड्यांत या कासाराची वाटी असायचीच. तोही मोठा चोखंदळ. वाटी आधी गिऱ्हाइकाच्या पायावर फिरवून पाहायची, मगच हातात द्यायची, असा त्याचा नेम होता.

त्याला स्वतःला तर अशी झोप लागायची, की कानाशी ढोल बडवला तरी कूस बदलणार नाही. रोज रात्री त्याची बायको बाजेच्या पायथ्याशी बसायची, वाटी फिरवायची आणि दिवसभराचं सांगत राहायची. शेजारणीची गाय कुणाच्या परसात शिरली, लोणच्याला बुरशी कशी आली, असलंच काहीबाही. हा आपला "हूं, हूं" करायचा. तिसऱ्या हुंकाराला स्वारी घोरायला लागायची. उभ्या जन्मात त्यानं तिची एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नाही. वर सकाळी उठून म्हणायचा, "बघ, माझ्या वाटीची करामत." ती हसायची आणि चुलीकडे वळायची.

एके वर्षी चार दिवसांच्या तापानं ती गेली.

शेजारपाजारच्यांनी भाकरी आणली, कुणी आमटी आणली, कुणी म्हणालं, रात्री सोबतीला येतो. कासारानं सगळी ताटं परत धाडली. "माझं मी बघेन. कुणाचे उपकार नकोत मला." चारदा परत गेलेलं ताट पाचव्यांदा कोण आणतं? लोकांनी येणं सोडलं. दिवेलागणीला कासार दार लावायचा, ते सकाळीच उघडायचा. मधला सगळा वेळ घरात त्याच्याशिवाय कुणी नसायचं.

रात्री तो गुडघा दुमडून स्वतःच स्वतःचे तळवे घासायचा. पाठ भरून यायची, पाय गरम व्हायचे, झोप मात्र उंबऱ्याच्या आत येत नव्हती. या कुशीवरून त्या कुशीवर करता करता कोंबडा आरवायचा. शेवटी कारागीरच तो. त्याला वाटलं, वाटीतच खोट आली असणार. त्यानं नवी ओतली, कथील जरा जास्त घालून. मग एक जड केली. मग एक पसरट. वैद्यानं दुधातून जायफळ दिलं, तेही घेऊन झालं. दोन वर्षांत फळीवर नव्या दहा वाट्या जमल्या. बायकोच्या हातातली जुनी धरून अकरा. आणि हा त्यांच्याकडे बघत रात्रभर टक्क जागा.

जागरणानं हाताला कंप सुटला. एके दिवशी एक बाई लेकीच्या लग्नासाठी नेलेली वाटी परत घेऊन आली. भांडली असती तर बरं झालं असतं. "बुवा, हिला चीर आहे हो," एवढंच हळू आवाजात म्हणाली. कासारानं वाटी वाजवून पाहिली, तर आवाज बद्द. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी त्यानं भट्टी पेटवली नाही. बायको गेली, झोप गेली, आता हातही चालला. मग आपलं उरलं काय, या विचारानं तो भेदरून गेला. आणि हे सांगायचं तरी कुणाला?

संध्याकाळी तो दार लावायला उठला, तर दारात शेजारचे अण्णा उभे. अण्णांचा तेलाचा घाणा होता आणि ते कासाराहून चांगले आठ-दहा वर्षांनी वडील होते.

"एक वाटी दे रे," अण्णा म्हणाले.

"तुमच्याकडे आहे की. मीच दिली होती."

"आहे. पण आमची म्हातारी गेल्यापासून ती काम करेना झालीय. मुलगा-सून परगावी. म्हटलं, वाटी जुनी झाली असेल. नवी घेतली तर डोळा लागेल."

कासार त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं फळीकडे बोट दाखवलं. "अकरा आहेत, अण्णा. हवी ती घ्या. मीही हेच समजून चाललो होतो."

अण्णांनी फळी पाहिली, कासाराचे तारवटलेले डोळे पाहिले.

"बसा," कासार म्हणाला. "पाय द्या. पारखल्याशिवाय मी वाटी देत नाही."

त्यानं जुनी वाटी उचलली. तिच्या काठाला एका जागी बायकोच्या अंगठ्यानं झीज पडली होती. त्याचा अंगठा बरोबर तिथेच टेकला.

वाटी फिरू लागली. अण्णा बोलू लागले. "आमच्या बैलाचं ऐकलंस का? घाण्याभोवती फिरून फिरून त्याला खोड अशी लागलीय, की परवा जत्रेच्या गाडीला जुंपला, तर सरळ चालेचना. वेशीवरच्या वडाला तीन फेरे घातले त्यानं. बायका हसायला लागल्या. मग मी काय केलं..."

काय केलं ते राहिलंच. अण्णा बसल्या जागी कलंडले होते. ज्या वाटीला कासार दोन वर्षं दोष देत आला, तिनंच एका माणसाला गाढ झोपवलं होतं. वाटीत खोट नव्हती, हे कारागिराला कळून चुकलं. त्यानं अण्णांच्या अंगावर आपली चादर घातली आणि तो रात्रभर त्यांचं घोरणं ऐकत बसला. दोन वर्षांनी त्या घरात दुसऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. तो ऐकता ऐकता त्याला हुंदका आला.

सकाळी अण्णा उठले, तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "आता तुझे पाय आण."

कासारानं पाय झटकन मागे घेतले. "अण्णा, तुम्ही वडील. तुम्ही माझ्या पायाला हात लावलात तर पाप लागेल मला."

"आणि माझ्यासाठी रात्रभर जागलास, मी तसाच उठून जाऊ? त्याचं पाप नाही?" अण्णा तिथेच बसून राहिले. "अख्ख्या गावाचे पाय घासशील, पण गावानं आणलेली भाकर परत पाठवशील. देताना तुला बरं वाटतं. घेताना मान खाली घालावी लागते, ती तुला नको असते. तुझी बायको रोज पायाशी बसायची, तेव्हा घेतच होतास ना रे?"

"तिला मी म्हणायचो, माझ्या वाटीची करामत आहे," कासार म्हणाला. "तिची आहे असं एकदाही म्हणालो नाही."

अण्णा नुसता हात पुढे करून बसले.

कासारानं एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. रस्त्यानं माणसं जात होती, कुणीही पाहील, नावं ठेवील. मग त्यानं मान खाली घातली आणि हळूहळू पाय लांब केले.

अण्णांचा हात खरबरीत. वाटी कधी घोट्याला लागायची, कधी बोटांत अडकायची. तिच्या हाताची सर त्याला नव्हती.

"तर तो बैल," अण्णा म्हणाले.

"हूं," कासार म्हणाला.

"वडाला फेरे घालून दमला तो..."

"हूं."

तिसरा हुंकार काही आला नाही. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं. अण्णांनी ओठांवर बोट ठेवून त्याला ओट्यावर बसवलं. मग आणखी दोघं आली, तीही बसली. कासार संध्याकाळपर्यंत झोपला होता आणि तोवर कुणी मोठ्यानं बोललं नाही. जाग आली तेव्हा उशाशी भाकरीचं झाकलेलं ताट होतं. त्यानं ते परत पाठवलं नाही.

पुढे त्याच्या हाताचा कंप गेला. वाटी घ्यायला कुणी आलं की तो आधी विचारायचा, "फिरवणार कोण?" कुणी नाही असं उत्तर आलं, तर गावात तसंच एकटं दुसरं कोण आहे, त्याचं घर दाखवायचा. रोज रात्री तो आणि अण्णा एकमेकांकडे आळीपाळीनं जात. बैलाची ती गोष्ट कित्येक महिने चालली, पण पुढे त्या बैलाचं काय झालं, हे ना अण्णांचं कधी सांगून झालं, ना कासाराचं ऐकून.

तात्पर्य काय, तर आपले तळवे आपल्यालाही घासता येतात, पण झोप लागते ती दुसऱ्याच्या हातानं. तो हात दारात आला की पाय मागे घेऊ नयेत.