चिमण्यांचा लाडका हार्वेस्टर

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

यंत्रं आणि सुपं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. एका हार्वेस्टरने चार गावांचा गहू काढला होता, म्हणून त्याची मान ताठ. सरूबाईने त्याला कुरणातल्या गवताचं बी काढायला बोलावलं. शेजारचा उघडा माळ तिला त्याच बियाने हिरवा करायचा होता.

"दादा, आधी तुमचा भुसा उडवायचा पंखा कमी करा," तिच्या काखेतलं जुनं सूप म्हणालं. "गवताचं बी पिसासारखं हलकं असतं."

"सूपबाई, तुम्ही मला पाखडायला शिकवणार?" हार्वेस्टर हसला आणि गव्हाला लागतो तेवढाच वारा ठेवून सुटला.

मागे चिमण्यांचा थवा लागला. "दादांसारखा राजा नाही!" त्या चिवचिवल्या. दादा फुलले. त्यांनी पंखा आणखी वाढवला.

संध्याकाळी टाकीत जेमतेम ओंजळभर बी निघालं. सरूबाई मटकन खाली बसली. "अर्धं कुरण वाऱ्यावर गेलं. उद्याही असंच झालं, तर माळ उघडाच राहणार."

सूप हळूच म्हणालं, "दादा, चिमण्या कुणाचं कौतुक करतात, ठाऊक आहे? ज्याचं सांडतं, त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्वेस्टरने पंखा मंद केला, चार पावलं चालला आणि थांबला. "सूपबाई, मागचा भुसा जरा पाखडून बघता?"

भुशात बी नव्हतं.

"मेला चिक्कू कुठला!" चिमण्या ओरडल्या.

"आणखी एकदा म्हणा," हार्वेस्टर म्हणाला आणि खुशीत पुढे निघाला.