दोऱ्याने बांधलेली वांगी

एका गावात एक शाळा होती आणि शाळेच्या मागे एक बाग होती. दोघींपैकी बाग जास्त हुशार होती, कारण तिच्यात रोज काहीतरी तयार होत असे.

वांगी, भेंडी, गवार, मेथी, मांडवावर दोडका. सगळं मुलांनी लावलेलं. दुपारच्या जेवणात भाताबरोबर जी भाजी असे ती याच बागेतली. ज्या दिवशी बागेतून काही निघत नसे त्या दिवशी नुसती डाळ, आणि शाळेची डाळ अशी होती की तिच्यातून ताटाचा तळ स्वच्छ दिसे.

बागेची एक रीत होती. पहिलीत आलेल्या प्रत्येकाने वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी बोट धरायचं. त्या दोघांचा मिळून एक वाफा. थोरल्याने सांगत बसायचं नाही, करायचं. धाकट्याने शेजारी बसून तेच करायचं. थोरला पाणी घालताना तळहात आडवा धरी, म्हणजे माती वाहून जात नसे. चार दिवसांत धाकट्याचाही हात आपोआप आडवा होई. आणि वाफ्यातलं पहिलं फळ धाकट्याने तोडायचं, त्या दिवशीची भाजी सर्वांच्या आधी त्याच्या ताटात पडायची. ही रीत कुणी घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं. हेडगुरुजी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ती आपलीच म्हणून सांगत.

सहावीतली अनसूया आणि पहिलीतली बकुळा अशी एक जोडी होती. त्यांचा वाफा वांग्यांचा. अनसूयाच्या गाठी शाळेत नावाजलेल्या होत्या. फळांनी वाकलेली फांदी ती काठीला अशी बांधी, की गाठ सुटत नसे आणि फांदीला काचतही नसे. बकुळाची गाठ एकतर सुटे, नाहीतर फांदीचा गळा आवळी.

वाफ्यात पहिलं वांगं धरलं तेव्हापासून बकुळा रोज सकाळी त्याच्यासमोर उकिडवी बसायची.

"ताई, आज?"

"आज नाही."

"मग ते एवढं चमकतंय कशाला?"

"उद्या तोडू. उद्या पुरतं भरेल."

"वांगं म्हणालं तुला?"

"हो. तुझ्यापेक्षा कमी बोलतं, म्हणून ऐकू येतं."

त्याच दिवशी शाळा सुटताना निरोप आला. तालुक्याहून मोठे साहेब शाळांच्या बागा बघायला निघाले होते. ज्या शाळेची बाग सर्वांत सुंदर, तिला पितळेची ढाल मिळणार होती.

हेडगुरुजींनी सगळ्या मुलांना ओळीत उभं केलं. "साहेब येऊन जाईपर्यंत एकानेही फळाला हात लावायचा नाही. बाग कशी भरलेली दिसली पाहिजे."

"आमचं तर उद्याच आहे, गुरुजी," बकुळा म्हणाली.

"मग परवा खा. वांगं काय पळून जातंय?"

साहेब परवा आले नाहीत. त्या आठवड्यात त्यांच्या गाडीचं काहीतरी निघालं, पुढच्या आठवड्यात सासुरवाडीचं. मग नुसताच निरोप आला, की लवकरच येत आहोत. साहेब लोकांचं 'लवकरच' ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

वांगं खरंच पळून गेलं नाही. जागच्या जागी म्हातारं झालं. आधी चकाकी गेली, मग ते पिवळं पडलं. भेंडीच्या काठ्या झाल्या. मेथी फुलून उंच गेली. गवार वाऱ्यावर खुळखुळू लागली आणि दोडक्याच्या आत अंग घासायच्या जाळ्या तयार झाल्या. नवीन फुलं येणंही थांबलं. भरल्या बागेशेजारी मुलं रोज नुसती डाळ पीत होती. स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा विळी घेऊन बागेकडे पाऊल टाकलं, तर हेडगुरुजींनी त्यांना दारातूनच परत फिरवलं.

शेवटी अनसूया हेडगुरुजींकडे गेली.

"गुरुजी, फळ वेळेवर तोडलं नाही तर झाड थांबतं. त्याला वाटतं, बी झालं, आपलं काम झालं."

"झाडाला काय वाटतं ते मला सांगू नकोस," हेडगुरुजी म्हणाले. "साहेबांना काय वाटेल ते बघ."

आणि मग एके दुपारी पक्का निरोप आला: साहेब उद्या.

हेडगुरुजी बागेत गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बाग भरलेली होती, यात शंका नव्हती. कशाने भरली होती ते त्यांना आता दिसलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण फार वेळ ठेवला नाही. ते कर्तबगार गृहस्थ होते. त्यांनी हुकूम सोडला, की सगळं जून फळ तोडून उकिरड्यावर टाका.

"थोडी पिवळी वांगी तरी बियाण्याला ठेवू या, गुरुजी," अनसूया म्हणाली.

"काही ठेवायचं नाही. साहेबांच्या नजरेला पिवळं काही पडता कामा नये."

तासाभरात बाजारातून टोपल्या आल्या. ताजी, टपोरी, जांभळी वांगी. कोवळ्या भेंड्या. हिरवेगार दोडके. बरोबर हिरव्या दोऱ्याची रिळं. हेडगुरुजींनी वरच्या वर्गांतल्या मुलांना बागेत बसवलं आणि अनसूयाच्या हातात एक रीळ दिलं.

"तुझी गाठ चांगली. तू सुरुवात कर. बाकीचे तुझं बघून करतील."

अनसूयाने रीळ घेतलं, पण दोरा काही सोडला नाही. "हे खोटं आहे, गुरुजी."

"खोटं कसं? वांगी खरी, झाडं खरी, दोराही खरा."

"आमच्या झाडाची नाहीत ती."

"वांगं काय आडनाव सांगतंय?" हेडगुरुजी हसले. मग हसायचे थांबले. "तुला जमत नसेल तर सांग. तुझी जोडी मोडतो. वाफा दुसऱ्याला देतो आणि ही बकुळाही दुसऱ्याच्या हाती देतो."

बकुळाने अनसूयाचं बोट घट्ट धरलं होतं. अनसूयाने तिच्याकडे बघितलं, रिळाकडे बघितलं, आणि खाली बसून पहिलं वांगं बांधलं.

मग सगळेच बांधायला बसले. प्रत्येक थोरल्याच्या शेजारी त्याचा धाकटा बसला, कारण बागेची रीतच तशी होती. थोरले बांधत होते आणि धाकटे बघत होते. थोड्या वेळाने धाकटेही बांधू लागले.

"ताई, हे उद्या सोडायचं?"

"हो."

"मग माझं पहिलं वांगं यातलं धरायचं?"

अनसूयाने पुढची फांदी हातात घेतली. बकुळाने दोऱ्याचा तुकडा तोडला आणि जीभ बाहेर काढून मन लावून एक गाठ मारली. गाठ सुटली नाही, काचली नाही. इतके महिने जी जमत नव्हती ती त्या दिवशी जमली.

"जमली ना, ताई?"

एरवी अनसूयाने तिची पाठ थोपटली असती. त्या दिवशी तिने मान फिरवली. जाताना मात्र उकिरड्यावरचं एक पिवळं वांगं उचलून तिने ओढणीत बांधलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हेडगुरुजींनी जोडीची रीत सांगितली, थोरल्याचा हात पाहून धाकटा कसा शिकतो ते सांगितलं, आपले कष्ट सांगितले. साहेब मान हलवत वाफ्यांमधून फिरले आणि अनसूया-बकुळाच्या वाफ्याशी थांबले.

"वा. एक तोडून बघू," म्हणत त्यांनी एका वांग्याला हात घातला आणि ओढलं.

वांगं येईना. साहेबांनी जोर लावला, तसं झाडच मुळासकट वर आलं. दोरा हिरवागार आणि ताठ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. हेडगुरुजींचा चेहरा त्या दिवशीच्या भेंडीहून हिरवा झाला. आता साहेब काय बोलणार?

साहेबांनी गाठ बोटाने चाचपली.

"गाठ चांगली आहे," ते म्हणाले. "मागच्या गावात हात लावला तर वांगी पटापट गळून पडली. तुमचं काम पक्कं."

आणि त्यांनी ढाल दिली.

टाळ्या झाल्या. हेडगुरुजींनी सर्वांत जोरात वाजवल्या. मग मुलांना दोरे कापायला सांगितलं आणि सगळी भाजी टोपल्यांत भरून साहेबांच्या गाडीत ठेवली गेली, शाळेच्या बागेची ताजी भेट म्हणून. बकुळा आपलं वांगं दोन्ही हातांत धरून गाडीपर्यंत गेली होती. हेडगुरुजींनी ते तिच्या हातून अलगद काढून घेऊन टोपलीत वर ठेवलं, म्हणजे उठून दिसावं. दुपारी जेवायला डाळ होती.

यात कुणाला लाज वाटली म्हणाल, तर एकटीला वाटली, आणि ती सहावीत होती. ज्यांना वाटायला हवी होती त्यांच्यात एक ढाल देत होता आणि एक घेत होता, त्यामुळे कुणालाच सवड नव्हती.

ढाल हेडगुरुजींच्या खुर्चीमागे टांगली. दर शनिवारी मुलं ती चिंच लावून घासत.

पुढच्या वर्षी शाळा उघडली आणि पेरणीचा दिवस आला. घरून बियाण्याची पुरचुंडी आणायची, असं मुलांना सांगितलं होतं. हेडगुरुजी वाफ्यांमधून फिरू लागले. "हं, उघडा."

बकुळाने आपली पुरचुंडी उघडली. आत हिरव्या दोऱ्याचं रीळ होतं.

"बी कुठंय?"

"बी कशाला, गुरुजी?" बकुळा म्हणाली. तिच्या बोलण्यात खोडी नव्हती, उलट तयारीने आल्याचा अभिमान होता. "साहेब यायच्या आदल्या दिवशी बांधायची ना? मला आता गाठ येते. यालाही शिकवली." शेजारी बसलेल्या पहिलीतल्या नव्या पोराने मान डोलावली आणि लगेच मारून दाखवली. गाठ सुटली नाही, काचली नाही.

हेडगुरुजींनी दुसरी पुरचुंडी उघडली. दोरा. तिसरी उघडली. सुतळी; त्या पोराच्या घरी दोरा नसावा.

"कुणी शिकवलं हे तुम्हाला?" ते ओरडले. "कुणी? या शाळेत असलं कुणी शिकवलं?"

धाकटी मुलं घाबरून एकमेकांकडे बघू लागली. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. याच गाठीसाठी तर शाळेला ढाल मिळाली होती.

अनसूया आता सातवीत होती. ती उठून उभी राहिली.

"मी शिकवलं, गुरुजी. आणि मला तुम्ही."

आता मोडायला जोडी शिल्लक होती, पण ती मोडतो म्हणायचं धाडस हेडगुरुजींना झालं नाही. ते वळले आणि आपल्या खुर्चीत, ढालीला पाठ लावून बसले.

अनसूयाने आपली पुरचुंडी सोडली. त्या एका पिवळ्या वांग्याचं वाळवलेलं बी तिच्यात होतं. तिने माती भुसभुशीत केली, बोटाने रेघ ओढली आणि बी सोडलं. बकुळाने रीळ बाजूला ठेवलं, बोटाने रेघ ओढली आणि बी सोडलं.

"ताई, साहेब कधी येणार?"

"आले तर येऊ देत. वांगं भरलं की त्याच दिवशी तोडायचं. आणि तू खायचं."

बाकी कुणाकडे बी नव्हतं, म्हणून त्या साली बागेतले बाकीचे वाफे ओसाड राहिले. एका वाफ्यात वांगी धरली. पहिलं वांगं चकाकत असतानाच बकुळाने तोडलं आणि मावशींनी ते सर्वांच्या आधी तिच्या ताटात वाढलं. तिने अर्धं खाल्लं आणि अर्धं शेजारच्या नव्या पोराला दिलं, कारण त्याला आधीची गाठ विसरायला लावायची होती आणि नुसतं सांगून ती विसरली जात नव्हती.

तात्पर्य: मुलं आपलं ऐकत नाहीत अशी तक्रार मोठ्यांनी करू नये. ती ऐकत नाहीत हेच बरं आहे. ती आपले हात बघत असतात, तेव्हा आधी ते हात कशात गुंतले आहेत ते पाहावं.